हाराच्या सुईवरचं मटण

अक्का,

सकाळपासून मी बोलतेय आणि मधे कुणी "खोटं!" म्हणत नाहीये. अशा बोलण्यात काही मजा नाही.

तुझं ठरलेलं असायचं. मी काही सांगायला लागले की तू हातातल्या सुया निखाऱ्यावर फिरवत, माझ्याकडे न बघता, समोर जो असेल त्याला सांगायचीस, "आमच्या सुलीच्या बोलण्यातलं निम्मं वजा करायचं. उरंल ते खरं." आणि मी म्हणायची, अगं म्हणून तर मी दुप्पट सांगते, तुझी वजाबाकी झाल्यावर समोरच्याच्या पदरात पुरतं खरं पडावं म्हणून! लोक हसायचे. तू नाही हसायचीस. तुला मटण उलटायचं असायचं.

तुझं तेरावं झालं. गोडाचं जेवण झालं, पाव्हणे गेले, मांडववाला ताडपत्री गुंडाळून गेला. संध्याकाळी भाऊ, म्हणजे तुझे मालक आणि माझे थोरले दीर, पायरीवर बसले होते. मला म्हणाले, "सुलभा, गच्चीवरची शेगडी आता काढून टाकू. करणारी गेली. नानांनी एवढी वर्षं सोसलं, माळकरी माणूस. आता या वयात तरी त्यांना त्या धुराचा त्रास नको." गौरी तिथंच ताटं पुसत होती. तुझी पोरगी, तुझ्यासारखीच ओठ आवळून ऐकणारी. ती म्हणाली, "काकू, तू करशील ना? तू केलंस तर राहील ती." भाऊ म्हणाले, "करत असशील तर माझी ना नाही. पण रविवारी काय ते सांग. सोमवारी गवंडी येतोय टाकीचा ओटा बांधायला, त्याच्याकडूनच काढून घेऊ."

आणि मी, जिला डॉक्टरनं "आ करा" म्हटलं तरी त्यालाच चार गोष्टी सांगून येते, ती मी गप्प बसले. यातलं हवं तेवढं वजा कर. गप्प बसले हे उरेलच.

कारण तुला ठाऊक आहे. गच्चीवर माझं काम दोनच: पुठ्ठ्यानं वारा घालायचा आणि तोंड चालवायचं. सुयांना मी हात लावला की तू माझ्या मनगटावर फटका मारायचीस.

मी पंचवटीतून मखमलाबादला या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, फुलांचं घर म्हणजे सगळं नाजूक असेल. बघते तर काय, पहाटे झेंडूचा तोडा, मग पत्र्याच्या शेडमध्ये बसून दुपारपर्यंत हार ओवणं, बोटं पिवळी, पाठ मोडलेली. आणि घरात एकच नियम. सासऱ्यांनी, नानांनी, गळ्यातल्या माळेला हात लावून सांगितलेला: मटण या घराचा उंबरा ओलांडणार नाही.

तू कळवणची. तुझ्या माहेरी म्हणे रविवारी मटण शिजलं नाही तर सोमवार उजाडत नसे. (हे माझं वाक्य आहे. तुझं एवढंच होतं: "आम्ही रविवारी खायचो.") तू नानांना कधी उलट बोलली नाहीस. तू नियम पाळलास. इतका पाळलास की वकिलानं हात जोडावेत. गच्चीचा जिना घरातून जातो, म्हणजे मटण जिन्यानं न्यायचं तर उंबरा ओलांडणार. म्हणून तू मागच्या बाजूनं गच्चीवरून दोर सोडलास, त्याला फुलांची जुनी पाटी बांधलीस, आणि मटण भिंतीला न शिवता सरळ आभाळातून वर नेलंस.

मी नवी नवरी, खाली उभी राहून बघत होते.

"जाऊबाई, हे काय चाललंय?"

"उंबरा ओलांडला का त्यानं?"

"नाही."

"मग बघतीस काय? वर ये, दोर धर. आन इथं वर जाऊबाई नको न् तुम्ही नको. ते खाली म्हण. इथं मी अक्का, तू सुली."

तेव्हापासून आपली दोन नाती झाली. खाली मी तुला "तुम्ही" म्हणायची, पदर सावरून. वर "तू" म्हणायची, पदर खोचून. आज हे मी खालीच बसून लिहितेय, तरी "तू" म्हणतेय. नाना शेजारच्या खोलीत आहेत. ऐकू दे.

फुटकं घमेलं, त्याला विटांचा आधार, अशी ती शेगडी. जळण शेजारच्या अण्णांच्या द्राक्षबागेतलं. छाटणी झाली की काड्यांचा भारा ते आपल्या बांधावर टाकून जायचे. त्या काड्यांचा निखारा बारीक, पण तापट. आणि सळया? सळया कुठून आणणार होतो? घरात हाराच्या सुया होत्या. हातभर लांब, पोलादी, गुळगुळीत. त्यातल्याच काही तू बाजूला काढल्यास, नाकात लाल दोरा बांधलास आणि वेगळ्या डब्यात ठेवल्यास, म्हणजे फुलांच्या फुलांत आणि मटणाच्या मटणात.

पहिल्या खेपेला काय फजिती झाली होती! बिनहाडाचे तुकडे, मधे मधे चरबीचा एकेक तुकडा. कच्च्या पपईचा कीस, दही, वाटलेला लसूण, लवंगी मिरची आणि तुझ्या माहेरचा काळा मसाला चोळून सकाळपासून मुरवलेले. सुईवर ओवले ते झेंडूसारखे सुरेख. निखाऱ्यावर ठेवले. उलटायला गेलो तर सुई उलटायची आणि मटण तिथल्या तिथंच. हाराची सुई ती, फूल अडकू नये म्हणून घडवलेली! आपण सुई गरागरा फिरवतोय आणि तुकडे ढिम्म. खालची बाजू कोळसा, वरची बाजू कच्ची, आभाळ बघत पडलेली.

मी पोट धरून हसत होते. तू बघत बसलीस. मग दुसरी सुई घेतलीस आणि पहिलीच्या शेजारून त्याच तुकड्यांतून आरपार घातलीस. दोन सुया, मधे बोटभर अंतर. उलटलंस. सगळे तुकडे एकदम उलटले, कवायतीतल्या पोरांसारखे.

"एकटीवर असला की आपल्या मनानं फिरतोय," तू म्हणालीस. "दोघींत धरला की ऐकतो."

तेव्हा मी या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. मी पहिला तुकडा तोंडात टाकला होता आणि माझ्या कानांतून वाफ निघत होती. त्या तिखटाची कीर्ती मी नंतर पंचक्रोशीत पसरवली. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरावरच्या माकडांना ठसका लागला, हे मीच सांगितलं. ओझरहून उडालेलं विमान आपल्या गच्चीवर दोन घिरट्या घालून मग वाटेला लागलं, हेही मीच.

"दोनच?" तू विचारलंस. "चार म्हण की. इमान काय तुझ्या बापाचं हाय?"

आणि मी फार रंगात आले की तुझा हात वर व्हायचा. "गप. मटण ऐकू दे." तू कानानं भाजायचीस, अक्का. चरबी निखाऱ्यावर पडून चर्र करते तेव्हा अजून कच्चं, तो आवाज बारीक होत फुसफुस झाला की उतरवायचं, असं काहीतरी होतं ते. नक्की काय होतं ते मला माहीत नाही. त्या वेळी मी दुसऱ्या गोष्टीला सुरुवात केलेली असायची.

रविवारी नाना आपली खाट पुढच्या अंगणात न्यायला लावायचे. एरवी दिवसभर मागच्या लिंबाच्या गार सावलीत पडणारा माणूस, पण रविवारी पुढं, भर चैत्रातसुद्धा, डोक्यावर पंचा टाकून उन्हात. आपण म्हणायचो, म्हाताऱ्याला रविवारी रस्त्यावरची माणसं बघायची असतात. बरंच झालं, मागं कुणी नाही, ओढा दोर.

आणि मग ती सुई हरवली.

पाडव्याचा आदला दिवस, रविवार होता. पाडव्याला गावातल्या देवीचा मोठा हार आपल्या घरचा, तो मान आपला, आणि तो हार नाना स्वतः ओवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. रविवारी आपण मटण केलं, सुया राखेनं घासल्या, शेडमधल्या नळावर धुतल्या, डब्यात ठेवल्या. सोमवारी देवीला हार गेला. पुढच्या रविवारी डबा उघडला तर जोड्यांत एक सुई एकटी.

तू डबा उपडा करून पाहिलास. मग हळू आवाजात म्हणालीस, "सुले, शेडमधी राहिली ती. फुलाच्या सुयांत गेली. देवीचा हार आपल्या मटणाच्या सुईवर ओवला गेला."

मी म्हटलं, शक्यच नाही. नळाखालच्या गटारात पडली असेल. घारीनं नेली असेल. कडीपत्त्याच्या आळ्यात रुतली असेल. अक्का, मी तुला त्या सुईच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की एका गोष्टीत तर ती मुंबईला पोचली होती. तू एकही मानली नाहीस.

"देवीच्या गळ्यात गेला त्यो हार," तू म्हणायचीस. मग स्वतःचीच समजूत काढायचीस, "जाऊ दे. देवी हाय ती. तिला तिखट चालतं."

"गटारात आहे सुई."

"देवीच्या गळ्यात."

गौरी रांगायला लागली, शाळेत गेली, कॉलेजला गेली, आपलं भांडण तिथंच. सण आला की तू देवीला हात जोडताना डोळे जरा जास्त वेळ मिटून ठेवायचीस. मला कळायचं. मी कोपरानं ढोसून म्हणायची, "गटारात!" आणि तू डोळे न उघडता म्हणायचीस, "गप बस, मेले."

त्या एकट्या राहिलेल्या सुईला तू कधी नवी जोड केली नाहीस. ती डब्यात तशीच.

मग तुझे पाय गेले, जिना संपला. मागच्या बाजूच्या खोलीत खिडकीशी तुझी कॉट लावली. आजारपणाचं मी काही लिहिणार नाही, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं आणि वाढवून सांगायची हिंमत मला नाही. एवढंच लिहिते की एका दुपारी तू मला जवळ बोलावलंस आणि म्हणालीस, "सुले, एक तुकडा खावा वाटतो."

मी म्हटलं, "आत्ता आणते वरून करून. कोण बघतंय?"

"आन उंबरा?"

"अगं अक्का, आता कसला उंबरा!"

"नाय. इतकी वर्सं पाळला. आता कशाला मोडू?"

घरातून वर तू जाऊ शकत नव्हतीस आणि वरून खाली मटण येऊ शकत नव्हतं. बाईनं स्वतःचाच नियम असा घट्ट बांधला होता! मी वर गेले. एका हातानं वारा, एका हातानं मटण, घाईत एकाच सुईवर ओवलेले चार तुकडे, ती जी एकटी पडली होती तिच्यावरच. आणि मग पाटी बांधून दोर सोडला, पहिल्यांदाच वरून खाली. तुझ्या खिडकीपाशी पाटी थांबवली. गजांतून तुझा हात बाहेर आला, काडी झालेला, आणि सुई अलगद आत गेली. उंबरा कुणीही ओलांडला नाही.

मी वरून ओरडले, "कसं झालंय?"

मग तुझा आवाज, पुसट, पण खणखणीत खवचट: "एक बाजू करपली."

मी म्हटलं, काड्या ओल्या होत्या. तू म्हणालीस, "खोटं."

नंतर मी खाली येऊन तुझ्याजवळ बसले. तेव्हा सांगायला हवं होतं, की एकट्या सुईवर नाही जमत मला. मी काय सांगितलं? तर अण्णांच्या बागेत म्हणे नारळाएवढी द्राक्षं लागली आहेत. तू डोळे मिटून ऐकत होतीस. निम्मं वजा करत असशील.

तुझा शेवटचा हार मी ओवला. फुलांच्या सुईनं. हात एकदा त्या डब्याकडे गेला होता, पण भाऊ समोर बसले होते. दहाव्याला गोदाघाटावर पिंड ठेवला आणि भटजींचा हात मागं यायच्या आत कावळा शिवला. सगळ्यांना बरं वाटलं, कशात जीव अडकला नव्हता म्हणाले. मला जरा रागच आला. थोडं थांबायचं होतंस. मी बोलणार होते.

तर रविवार. म्हणजे काल.

सकाळी बांधावर काड्यांचा ताजा भारा. अण्णांना तू गेल्याचं माहीत आहे, ते घाटावरही होते, तरी टाकून गेलेच. गौरी भाऱ्याकडे बघत उभी. भाऊ चहा पीत म्हणाले, "मग सुलभा?"

मी ठरवलं होतं. नाही म्हणणार होते. शब्द तयार होते: "भाऊ, माझ्यानं नाही व्हायचं. काढून टाका." तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी शेडमधून हाक मारली. आताशा ते काठी घेऊन चालतात, शेडपर्यंत जायचं म्हणजे त्यांचा प्रवासच. मी गेले. नाना स्टुलाला धरून उभे होते आणि पत्र्याखालच्या वाशाकडे बोट दाखवत होते.

"तिथं खोचलेलं हाय बघ. काढ."

वाशाच्या फटीत फडक्याची गुंडाळी. काढली. उघडली. आत हाराची सुई. टोक काळं पडलेलं, नाकात लाल दोऱ्याचं विटकं टोक.

मी फुलांच्या ढिगावरच बसले.

"नाना, ही..."

"तुमची हाय."

"तुम्हाला कुठं सापडली?"

"सापडती कुठं? माझ्याच हातात होती. पाडव्याचा हार ओवला हिच्यावर. आख्खा ओवून झाला न् मग टोकाकडं ध्यान गेलं. वास घेतला." त्यांनी नाकाशी बोट नेलं. "वाजंत्री दारात आलेली. म्हटलं, जाऊ दे. गेला हार. चढला देवीला."

"मग?"

"मग काय? देवी काय बोलली नाय. मी कोण बोलणारा?"

"पण इतकी वर्षं तुम्ही आम्हाला..."

"परत दिली असती तर थोरलीनं त्याच दिवशी बंद केलं असतं वरचं. मला ठाव हाय ना ती." नानांनी काठी सावरली. "आन आज नाय दिली तर बंद होतंय."

मग ते शेडच्या दारात गेले आणि अंगणाकडे तोंड करून ओरडले, म्हाताऱ्याच्या छातीत एवढा आवाज कुठून आला कोण जाणे: "ए गौरे! लिंबाखालची माझी खाट पुढं घे गं! रविवार हाय आज!"

अक्का, बाहेर ऊन असं होतं की पत्रा टाळीसारखा वाजत होता. आणि तो माणूस डोक्यावर पंचा टाकून पुढच्या अंगणात उन्हात जाऊन बसला, रस्त्याकडे तोंड करून. रस्त्यावर कुणीही नव्हतं. चैत्रातल्या उन्हात असतं कोण? कधीच कुणी नसायचं.

भाऊंनी खाटेकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या सुईकडे पाहिलं. चहाचा कप खाली ठेवला आणि खाटकाकडे गेले.

दोर मी सोडला. पाटी भाऊंनी बांधली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि गाठ अशी मारली की वर सोडवताना माझं नख तुटलं. मसाला गौरीनं चोळला. ती एकटी सुई आणि ही नानांची, दोन्ही इतक्या वर्षांनी पुन्हा एकत्र. तुकड्यांतून आरपार, मधे बोटभर अंतर. एक टोक माझ्या हातात, दुसरं गौरीच्या. मी विमानाची गोष्ट काढली, घिरट्या आता सहा झाल्या होत्या. गौरीचा हात वर झाला.

"काकू, गप. ऐकू दे."

मी गप्प बसले. आणि अक्का, ऐकू आलं. आधी चर्र. मग बारीक. मग ते फुसफुसणं, झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखं. गौरीनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आपण, म्हणजे आम्ही, सुया उतरवल्या.

पहिली जोडी मी पाटीत ठेवली आणि त्या दुपारसारखी तुझ्या खिडकीवर सोडली. गजाआड कॉट रिकामी, भिंतीवर तुझा फोटो, त्याला माझ्या हातचा झेंडू. पाटी थोडी हलत राहिली. कुणी हात बाहेर काढला नाही. मी वर ओढून घेतली आणि ते तुकडे गौरीला दिले. तिनं खाल्ले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखटाचं होतं म्हणाली. खोटं.

सुई देवीच्या गळ्यातच गेली होती. तू जिंकलीस. गटार, घार, कडीपत्ता, मुंबई, सगळं मागं घेते. हे तुझ्या तोंडावर म्हणायला मी काय वाटेल ते दिलं असतं, आणि तू हसली नसतीस, पण तुझा हात जरा हळू फिरला असता सुयांवर.

आज सकाळी गवंडी आला. टाकीचा ओटा जिन्याच्या बाजूला बांधतोय. शेगडी आहे तिथंच आहे.

आणि कालच्या मटणाच्या दोन्ही बाजू सारख्या भाजल्या होत्या, अक्का. यातलं निम्मं वजा करू नकोस. केलंस तर पुन्हा एकच बाजू उरेल.